आठवड्यातून दीड तास, एक खोली

प्रति,
तालुक्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक आणि संस्थाचालक, देवस्थानांचे विश्वस्त, सरपंच, ग्रामसेवक आणि गावोगावच्या समाजमंदिरांच्या किल्ल्या ज्यांच्या घरी खुंटीला असतात असे सर्वजण,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पत्र पुढे वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. आठवड्यातून एकदा, दीड तासासाठी, एक खोली हवी आहे. पंधरा-वीस माणसं बसतील एवढी जागा, दिवा, पंखा, जवळपास मुतारी. देणगी नको, उद्घाटन नको. दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं तिथे बसतील, आळीपाळीने बोलतील, चहा घेतील आणि बाकं होती तशी लावून निघून जातील. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे लोक ज्याला नुसतं 'एए' म्हणतात, त्यांची ही मीटिंग.

मी त्यांचा सदस्य नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर, माझं औषधांचं दुकान आहे. तुम्हाला पत्र लिहायचं कारण एवढंच, की हा प्रश्न तुमच्या दारात येण्याआधी माझ्या काउंटरवर येतो.

तो कसा येतो ते सांगतो. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना एखादी बाई येते. मुलाच्या खोकल्याचं औषध मागते, नाहीतर डोकेदुखीची गोळी. पैसे देऊन होतात, सुटे परत घेऊन होतात, तरी हलत नाही. दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून हळूच विचारते, "भाऊ, चहातनं द्यायचं काय असतंय का? त्यांना कळणार नाही असं?" तिनं ज्या गोळीबद्दल ऐकलेलं असतं ती बहुधा डायसल्फिरम. ती पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या सुरू होतात, रक्तदाब खाली येतो. हृदय आधीच कमजोर असेल तर जिवावर बेतू शकतं. म्हणून ती घेणाऱ्याला सांगून, त्याच्या मर्जीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते. चोरून नाही. हे सगळं समजावलं की ती मान हलवते आणि विचारते, "मग मी काय करू?"

ग्रामीण रुग्णालयात दाखवा, हे मी सांगतोच. त्यानंतरचं दुसरं उत्तर असतं मीटिंग. आणि इथं माझी अडचण होते. "कुठं भरते?" या सरळ प्रश्नाला मला अनेकदा सरळ उत्तर देता येत नाही.

आधी ती एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात भरायची. चांगलं चाललं होतं. मग कुणा पालकानं तक्रार केली, "शाळेत दारुडे कशाला?" आणि पुढच्या आठवड्यात वर्गाला कुलूप. तिथून मंडळी एका सभागृहात गेली. लग्नसराई आली, तारखा गेल्या. मग एका समाजमंदिरात जमली. निवडणूक लागली, तिथे मतदान केंद्र झालं, आणि मतदान उरकल्यावरही किल्ली परत मिळायला बरेच दिवस गेले. कुणाचंही नाव घ्यायचं नाही मला. प्रत्येकाचं कारण आपापल्या जागी खरंच होतं. पण या सगळ्या हलवाहलवीत काय होतं ते तुमच्यापर्यंत पोचत नाही, कारण मीटिंग चुकलेला माणूस तक्रार करायला येत नाही.

दारू सोडावी असं पिणाऱ्याला रोज वाटतं, हे मी दुकानात बसून शिकलो. सकाळी तर हमखास वाटतं. पण उठून कुठेतरी जायची तयारी महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या संध्याकाळी होते. रात्री घरात काही भयंकर घडलेलं असतं, किंवा पोरीनं एखादा शब्द बोललेला असतो. त्या संध्याकाळी तो अंघोळ करतो, धुतलेला सदरा घालतो, वीस किलोमीटरवरून एसटीनं येतो, आणि समोर कुलूप दिसतं. कुलपाशेजारी चिठ्ठीसुद्धा नाही. शेवटची गाडी सुटायला तास-दीड तास असतो आणि स्टँडच्या दोन्ही बाजूंना परमिट रूम. परमिट रूमचं एक मला नेहमी जाणवतं. तिची जागा बदलत नाही. परीक्षा असो, लग्नसराई असो, पाटी तिथेच आणि दिवे लावलेले. ड्राय डे सोडला तर तालुक्यात दारू कुठे मिळते हे कुणाला विचारावं लागत नाही. दारूतून सुटायची जागा मात्र दर सहा महिन्यांनी शोधायची.

मोबाइलवर शोधा म्हणाल, तर शोधून बघा. 'दारू सोडवणे' एवढं टाका. वर येतील त्यातल्या बऱ्याच जाहिराती असतात: खात्रीशीर पावडर, न सांगता औषध, घरी येऊन उचलून नेणारी केंद्रं. नंबर दिला की दिवसभर फोन. एएकडे विकायला काहीच नसल्यामुळे ते या गर्दीत मागे पडतात, आणि जाहिरातबाजी करायची नाही हा त्यांचा स्वतःचाच नियम आहे. सरकारी फोन आहेत. नशामुक्तीसाठी १४४४६, आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६. मी ते दुकानात लावले आहेत, तुम्हीही लावा. कोरोनापासून ऑनलाइन मीटिंगाही रुळल्या. पुण्या-मुंबईत स्वतंत्र खोली असलेल्याला किंवा परदेशात एकट्या राहणाऱ्या मराठी माणसाला त्या सोयीच्या आहेत. दोन खणांच्या घरात, शेजारी आई जेवतेय, पोरं अभ्यास करतायत, तिथं फोनवर "मी मद्यपी आहे" असं कोण म्हणेल?

गरज किती मोठी आहे याची एक आकडेवारी सांगतो आणि पुढे जातो. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या साधारण ३८ माणसांमागे एकालाच कुठली तरी मदत मिळाली, असं त्यात आढळलं. आपल्या गावच्या मतदार याद्या तुमच्या कपाटात असतील. तुम्ही हिशेब माझ्यापेक्षा चांगला कराल.

आता विश्वस्त मंडळींशी थोडं वेगळं बोलायचं आहे.

दारुड्याला घेऊन नातेवाईक तुमच्याकडे फार आधीपासून येतात, कुठल्याही डॉक्टरच्या आधी. देवापुढे उभं करतात. भंडारा उचलायला लावतात, पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावतात, गळ्यात माळ घालतात. मी याची चेष्टा करणार नाही. माळ घालून दारू कायमची सुटलेली माणसं माझ्या नात्यात आहेत. पण ती कुणाची सुटली ते जरा बारकाईनं बघा. ज्याला माळेबरोबर भजनाची मंडळी मिळाली, एकादशीला बसायची जागा मिळाली, आषाढीला दिंडीत चालायला सोबत मिळाली, त्याची. नुसती शपथ घेऊन घरी गेला तो बहुतेक पुढच्या बाजारापर्यंत टिकला. जन्मभराची शपथ एका मिनिटात घेता येते, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता हात थरथरायला लागले की जायचं कुठे, याचं उत्तर शपथेत नसतं. एएवाले जन्मभराचं बोलतच नाहीत. आजचा दिवस पहिला घोट घ्यायचा नाही, उद्याचं उद्या, आणि ते जमवायला रोजची नाहीतर आठवड्याची माणसं हवीत. शपथ तुमच्या सभामंडपात घेतली जाते, तर ती टिकवायची खोली तुमच्याच भक्तनिवासात का असू नये?

आणि देवळाचा या कामाशी संबंध नवा नाही. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल अमेरिकेतल्या ॲक्रन गावी एका हॉटेलच्या लॉबीत उभा होता. धंद्याचं काम फिसकटलेलं, खिशात पैसे जेमतेम, दारू सोडून काही महिनेच झालेले, आणि लॉबीच्या एका टोकाला बारमधून गलका ऐकू येतोय. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि भिंतीवर गावातल्या चर्चची यादी. तो यादीकडे गेला. त्यानं एका पाद्र्याला फोन लावला. त्या पाद्र्याकडून मिळालेल्या नावांवर एकामागून एक फोन करत तो शेवटी एका बाईंपर्यंत पोचला, आणि त्यांनी त्याची गाठ गावातल्याच एका पिणाऱ्या सर्जनशी घालून दिली. त्यांचं नाव डॉ. बॉब स्मिथ. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि कित्येक तास बोलत बसले. त्यांनी शेवटचा पेला घेतला तो दिवस १० जून १९३५ मानतात, आणि तोच एएचा स्थापना दिवस. आपल्या देशात हे काम १९५७ मध्ये दिल्लीत सुरू झालं. मुंबईत आजही अनेक मीटिंगा चर्चच्या आवारात आणि शाळांच्या खोल्यांत भरतात. म्हणजे मी तुमच्याकडे जे मागतोय ते जगात पहिल्यांदा कुणी मागत नाहीये.

मुख्याध्यापकांची शंका मला पाठ आहे. "पिऊन येतील, धिंगाणा घालतील, मुलांवर काय परिणाम होईल?" एएच्या काही मीटिंगा सर्वांसाठी खुल्या असतात, त्यांना ओपन मीटिंग म्हणतात. तुम्ही एकीला जाऊन बसा. मी बसलोय. कोण काय बोललं ते लिहिणार नाही, ते तिथेच ठेवायचं असतं. जे डोळ्यांना दिसलं ते सांगतो. आठवीच्या बाकांवर पन्नाशीची माणसं गुडघे वळवून बसलेली. बाहेर चपला ओळीत. टेबलावर थोडी पुस्तकं, भिंतीवर बारा पायऱ्यांचं, म्हणजे दारूतून बाहेर पडायच्या त्यांच्या कार्यक्रमाचं, कापडी पोस्टर. ते दोरीनं टांगलेलं होतं, खिळा ठोकलेला नव्हता. एकजण बोलत असताना दुसरा मधे बोलत नव्हता. आपल्या ग्रामसभेत हे मी कधी पाहिलेलं नाही. चहा आला तेव्हा वाटणाऱ्यानं सगळ्यांचे कप भरले आणि कोपऱ्यातल्या नव्या माणसाचा अर्धाच भरला. मला आधी वाटलं चहा संपत आला. मग त्या माणसानं कप उचलला तेव्हा लक्षात आलं. भरलेला कप त्याच्या हातून सांडला असता. वाटणाऱ्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. थोड्या वेळानं तो परत येऊन उरलेला अर्धा देऊन गेला.

डॉक्टर, समुपदेशक, मी, आम्ही सगळे मिळूनही हे करू शकत नाही. अर्धा कप ओतायचं ज्याला कळतं तो माणूस तिथेच भेटतो.

मोठमोठ्या केंद्रांचंही म्हणणं याहून वेगळं नाही. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांचा त्याला हात लागला. तिथे राहून आलेला माणूस असो की आणखी कुठून उपचार घेऊन आलेला, परत येतो तो आपल्याच गावात, त्याच चौकात, त्याच दोस्तांत. उपचार संपल्यावर पुढे आठवड्याला कुणीतरी भेटत राहणं हे उपचाराइतकंच महत्त्वाचं, असं ही जाणती मंडळी सांगत आली आहेत. जिल्हा लांब आहे, पुणं त्याहून लांब. तालुक्याला खोली हवी ती यासाठी.

खोली कशी असावी, याबद्दल तिथल्या जुन्या माणसांकडून जे ऐकलं ते लिहितो. यातलं बरंचसं मला सुचलं नसतं.

वार आणि वेळ पक्की हवी. खोली साधी असली तरी चालेल, पत्र्याची असली तरी चालेल, पण यंदा गुरुवार तर पुढच्या वर्षीही गुरुवारच. कधी अगदीच देता येणार नसेल तर आठ दिवस आधी सांगा आणि दारावर कागद चिकटवा: आज मीटिंग अमुक ठिकाणी आहे. हा एक कागद फार मोठं काम करतो.

शक्य असेल तर बाजाराचा दिवस धरा. बाजाराला सगळा तालुका येतो, त्यामुळे तू तालुक्याला का गेला होतास असं कुणी विचारत नाही. शिवाय हप्त्याचे पैसे हातात येतात तो दिवसही तोच आणि पिण्याचा दिवसही तोच. संध्याकाळची वेळ अशी ठेवा की खेड्यावरच्या माणसाला शेवटची एसटी मिळेल.

दार असं असावं की आत जाणारा माणूस नेमका कशाला चाललाय ते बाहेरून कळू नये. आपल्याकडे माणूस ओळखायला चेहरा लागत नाही, मोटरसायकलचा नंबर पुरतो. ज्या आवारात वाचनालय आहे, पतसंस्था आहे, क्लास आहेत, तिथे दहा कारणांनी माणसं जातात. ते आवार उत्तम. बायकांसाठी तर हे जास्तच. आपल्याकडे पिणाऱ्या बायका नाहीतच असं धरून चालायची पद्धत आहे. आहेत, आणि त्या माझ्या दुकानातून झोपेच्या गोळ्यांची चौकशी करून जातात.

जमलं तर शेजारची दुसरी खोलीही उघडी ठेवा. पिणाऱ्यांच्या बायका, आया, भाऊ यांचा वेगळा गट असतो, त्याचं नाव अल-अनॉन. बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये त्याची सुरुवात करून दिली. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे तो याच विचाराचा. चहातून द्यायचं औषध मागणारी बाई नवऱ्याच्या आधी इथे येऊन बसली तरी खूप झालं. नवरा आला नाही तरी तिनं यावं. त्याच्या दारूची जबाबदारी आपल्या डोक्यावर नाही हे तिला तिथे दुसरी बाई सांगते, आणि तिनं सांगितलेलं तिला पटतं.

काय करू नका, हेही सांगतो. सत्कार करू नका. एका वर्षी व्यसनमुक्ती सप्ताहात एक पुढारी हार-नारळ आणि फोटोग्राफर घेऊन अचानक मीटिंगमध्ये हजर झाले. हेतू चांगलाच असणार. पण पुढचे कित्येक आठवडे निम्मी बाकं रिकामी राहिली. यांच्यात आडनाव कुणी लावत नाही, हजेरी घेत नाहीत. यायला फी नाही, जात-धर्म-पक्ष विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढी एकच अट. तुम्हीही नावांची यादी मागू नका. पोलीस पाटलांनीही नाही. गावातली दारू बंद करायची असेल तर त्यासाठी आडव्या बाटलीचं मतदान आहे, ग्रामसभा आहे, ते जरूर करा. या खोलीत मात्र त्यातलं काही आणू नका. दारूबंदी असावी की नसावी यावर ही मंडळी मतच देत नाहीत. कधीकधी मला त्याचा राग येतो, पण त्यामुळेच तिथे दारूचा दुकानदारही बसू शकतो आणि दारूबंदीच्या मोर्चातली बाईही.

एक गोष्ट औषधवाला म्हणून. मीटिंग हा दवाखाना नाही. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत घाम सुटणं, थरथर, झोप उडणं हे तर होतंच, काहींना फिट येते, भास होतात, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. "देवाची शपथ घेतली, आता बघा कसा तडफडतोय" असं म्हणून कोंडून ठेवलेली माणसं असतात. कृपा करून तसं करू देऊ नका. अशा माणसाला आधी सरकारी दवाखान्यात न्या. म्हणून दारावरच्या पाटीवर मीटिंगच्या वेळेखाली १०८ ॲम्ब्युलन्सचा आणि ग्रामीण रुग्णालयाचा नंबरही लिहा.

पाटी लहान पुरे. 'दारू सोडायची आहे? दर गुरुवारी सायंकाळी ६ ते ७.३०, खोली क्र. ४. नाव सांगावं लागत नाही.' अशीच एक माझ्या दुकानात लागेल, एक स्टँडवर चौकशीच्या खिडकीशेजारी लागावी, एक ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढतात तिथे, एक पोलीस ठाण्यात, जिथं बायका रात्री तक्रार घेऊन येतात. पण पाटी रंगवायची तर आधी खोलीचा नंबर पक्का हवा, आणि तो तुमच्या हातात आहे.

शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा, देवस्थान असेल तर विश्वस्तांच्या बैठकीत, गाव असेल तर येत्या ग्रामसभेत. ठरावाचा मजकूर मीच देतो, ग्रामसेवकांचा वेळ वाचेल: 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटास आठवड्यातून एक वेळ, ठरलेल्या वारी, दीड तासासाठी खोली वापरण्यास देण्यात यावी. निवडणूक अथवा तत्सम सरकारी कामासाठी खोली लागल्यास त्याच आवारात पर्यायी जागा द्यावी. किल्ली शिपायाकडे न ठेवता गटाच्या एका जबाबदार सदस्याकडे द्यावी.' शेवटचं वाक्य गाळू नका. शिपाई रजेवर गेला म्हणून बंद राहिलेल्या मीटिंगा मला माहीत आहेत.

आणि खोली फुकट देऊ नका. उदारपणा म्हणून तुम्ही द्याल, ते घेणार नाहीत. बाहेरच्या कुणाकडून पैसा किंवा फुकटची सवलत घ्यायची नाही, आपला खर्च आपणच वर्गणीतून भागवायचा, हा त्यांचा जुना दंडक आहे. मीटिंगच्या शेवटी एक पिशवी फिरते, त्यात ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो. वीजबिलाला हातभार लागेल एवढं भाडं लावा, महिन्याच्या महिन्याला घ्या. पावती फाडा आणि त्यावर व्यक्तीचं नाव न घालता नुसतं 'गुरुवारचा गट' असं लिहा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
स्टँडसमोरचा औषधवाला

(नाव मुद्दाम घातलेलं नाही. माझं नाव कळलं की माझ्याकडे चौकशी करून गेलेल्यांचीही नावं लोक काढत बसतील. खोली देणार असाल तर दुकानात येऊन "गुरुवारचं काय?" एवढंच विचारा.)